मेमरी शिल्लक असतानाही प्रोग्रॅम का मारला जातो? लिनक्स कर्नलमधल्या एका चिवट गोंधळाची गोष्ट

सर्व्हरवर भरपूर मेमरी मोकळी आहे. तरीही ऑपरेटिंग सिस्टीम ‘मेमरी संपली’ असं ठरवते आणि चालू असलेला एखादा प्रोग्रॅम तडकाफडकी बंद करते. ऐकायला विचित्र वाटेल, पण लिनक्समध्ये हे खरंच घडत होतं. मेमरी कमी पडत नव्हती. ती कुठून घ्यायची याचा नियम नेमक्या नको त्या क्षणी बदलला जात होता.

हा गोंधळ २०१० मध्ये दुरुस्त झाला, २०१२ मध्ये त्या दुरुस्तीचीच दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये तो पुन्हा डोकं वर काढताना दिसला. २०२३ मध्ये त्याच परिसरातली एक चूक थेट सुरक्षेचा प्रश्न बनली. मेमरी वाटपाचं धोरण म्हणजे काय, ते चालू यंत्रात बदलणं इतकं अवघड का आहे आणि कर्नल हा तिढा कसा सोडवतो, हे समजून घेऊया.

मेमरी कुठून घ्यायची, हा प्रश्न येतोच का?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोग्रॅमला मेमरी लागली की तो कर्नलकडे मागतो आणि कर्नल ती ‘पेज’ नावाच्या छोट्या तुकड्यांत देतो. आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर एक पेज साधारणपणे ४ केबीचं असतं.

लॅपटॉपवर सहसा सगळी मेमरी एकाच गठ्ठ्यात असते, त्यामुळे कुठून द्यायची हा प्रश्न फारसा येत नाही. मोठ्या सर्व्हरची गोष्ट वेगळी आहे. तिथे दोन किंवा जास्त प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याची स्वतःची मेमरी असते. प्रोसेसर आणि त्याच्याजवळची मेमरी मिळून होणाऱ्या गटाला ‘नोड’ म्हणतात. पहिल्या नोडवरचा प्रोसेसर दुसऱ्या नोडची मेमरी वापरू शकतो, पण तिथवर जाऊन यायला जास्त वेळ लागतो. या रचनेचं नाव ‘नुमा’. मेमरी सगळ्यांना खुली, पण सगळ्यांपासून सारख्या अंतरावर नाही, असा तिचा अर्थ.

लिनक्सवर ‘नुमासीटीएल’ ही कमांड चालवली तर हे अंतर आकड्यांत दिसतं. स्वतःच्या नोडचं अंतर १० धरलेलं असतं आणि बाकीच्या नोडचे आकडे त्याहून मोठे असतात. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक याच प्रकारच्या यंत्रांनी बनलेला आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक क्रमवारीत तो ६३ वा होता. त्याच्या प्रत्येक यंत्रात दोन प्रोसेसर आहेत. म्हणजे जवळची मेमरी कोणती आणि लांबची कोणती, हा प्रश्न तिथेही आलाच.

धोरण म्हणजे नेमकं काय?

कुठल्या नोडवरून मेमरी द्यायची याचा नियम म्हणजे मेमरी वाटपाचं धोरण, म्हणजेच मेमरी पॉलिसी. लिनक्समध्ये त्याचे मुख्य प्रकार असे:

• डिफॉल्ट: प्रोग्रॅम ज्या नोडवर चालू आहे तिथूनच द्या, तिथे नसेल तर जवळच्या नोडवरून.
• बाइंड: फक्त ठरवून दिलेल्या नोडवरूनच द्या.
• प्रिफर्ड: शक्यतो अमुक नोडवरून द्या, नाहीच मिळाली तर दुसरीकडून चालेल.
• इंटरलीव्ह: पानं वाटावीत तशी प्रत्येक नोडवरून आळीपाळीने द्या.

प्रोग्रॅमला हे धोरण स्वतः ठरवता यावं म्हणून २००४ मध्ये, लिनक्स २.६.७ मध्ये, ‘सेट मेमपॉलिसी’ आणि ‘एमबाइंड’ या सोयी आल्या. हे काम प्रामुख्याने सुझे कंपनीतल्या अँडी क्लीन यांचं. पहिली सोय चालू थ्रेडसाठी धोरण ठरवते, तर दुसरी प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या एखाद्या विशिष्ट भागासाठी.

२००५ मध्ये, २.६.१२ या आवृत्तीत, ‘सीपीयूसेट’ आलं. ही सोय प्रोग्रॅमसाठी नव्हे, तर यंत्र सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनसाठी. एखाद्या गटातल्या प्रोग्रॅमनी कोणते प्रोसेसर आणि कोणते मेमरी नोड वापरायचे, याची हद्द तो बाहेरून आखून देतो. आज डॉकर आणि कुबरनेटीससारखी साधनं सर्व्हरवर कामांची वाटणी करतात, त्यामागे हीच सोय असते.

मग अडचण कुठे आली?

थ्रेड स्वतःचं धोरण स्वतःच बदलतो, तोवर फारसा प्रश्न नसतो. एक थ्रेड एका वेळी एकच काम करतो. धोरण बदलत असताना तो मेमरी मागत नसतो आणि मेमरी मागत असताना धोरण बदलत नसतो. त्यामुळे स्वतःचा नियम वाचायला त्याला कुलूप लावावं लागत नाही.

सीपीयूसेटमुळे मात्र बाहेरचा हात आत आला. एका प्रोसेसरवर प्रोग्रॅम मेमरी मागतोय आणि त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर अ‍ॅडमिनची कमांड त्याच प्रोग्रॅमची परवानगीची यादी बदलतेय. दोन कामं एकमेकांवर चढली की कोण आधी पोहोचलं यावर निकाल ठरू लागतो. याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

रेल्वे स्टेशनचं उदाहरण घ्या. दोनच प्लॅटफॉर्म आहेत आणि गाडी दोनवर लागणार आहे. एक प्रवासी आधी एक नंबरवर जाऊन बघतो. गाडी तिथे नाही. तो पूल चढून दोनकडे निघतो. तो पुलावर असतानाच घोषणा होते की गाडी आता एक नंबरवर येईल. प्रवासी दोनवर उतरतो, तिथेही गाडी नाही. दोन्ही प्लॅटफॉर्म बघून झाले, म्हणजे गाडी रद्दच झाली असणार, असं समजून तो घरी जातो. प्रत्यक्षात गाडी एका क्षणासाठीही रद्द झालेली नव्हती.

कर्नलमध्ये हेच व्हायचं. प्रोग्रॅमला फक्त नोड १ ची परवानगी होती. मेमरी देणारा कोड आधी नोड ० कडे गेला, तिथे परवानगी नव्हती. तेवढ्यात यादी बदलून फक्त नोड ० झाली. कोड नोड १ कडे पोहोचला, तर तिथली परवानगी आता गेलेली. सगळे नोड तपासून झाले, मेमरी मिळाली नाही. निष्कर्ष निघाला की मेमरी संपली.

मेमरी संपली असं ठरल्यावर काय होतं?

अशा वेळी कर्नल ‘ओओएम किलर’ला बोलावतो. चालू प्रोसेसपैकी जी बंद केल्याने बरीच मेमरी मोकळी होईल अशी एखादी तो निवडतो आणि तिला मारतो. तिला काम आवरायची किंवा डेटा सेव्ह करायची संधी मिळत नाही. सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रोसेस बऱ्याचदा सर्वांत महत्त्वाची असते, उदाहरणार्थ डेटाबेस. म्हणजे मेमरी भरपूर असताना केवळ नियम बदलण्याची वेळ चुकली म्हणून डेटाबेसचा बळी जाऊ शकतो.

यादी एका झटक्यात का बदलत नाही?

नोडची यादी कर्नलमध्ये बिट्सच्या रांगेसारखी ठेवलेली असते. परवानगी असेल तर १, नसेल तर ०. आजचा प्रोसेसर एका वेळी ६४ बिट्स वाचतो किंवा लिहितो. यादी तेवढ्यात मावली तर ती एका दमात बदलते. पण लिनक्स कर्नल १०२४ नोडपर्यंतच्या यंत्रांसाठीही तयार करता येतो. तेवढी लांब यादी तुकड्यातुकड्याने लिहावी लागते. मधेच कुणी ती वाचली तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी यादी हाती येते. जुन्या भागातली परवानगी गेलेली आणि नव्या भागातली अजून आलेली नाही, असंही होऊ शकतं. म्हणजे यादी चक्क रिकामी दिसते.

आणि यादी एका दमात बदलली तरी प्रवाशाचा प्रश्न उरतोच. तो यादी एकदाच वाचून थांबत नाही, एकेक नोड फिरत जातो. फेरी पूर्ण होईपर्यंत नियम तोच राहिला पाहिजे, ही खरी गरज आहे.

साधं कुलूप लावून का भागत नाही?

मेमरी मागण्याआधी कुलूप लावायचं आणि मिळाल्यावर काढायचं, हा सर्वांत सरळ उपाय. अडचण अशी की वर्दळीच्या सर्व्हरवर मेमरीची मागणी सेकंदाला लाखो वेळा होते, तर धोरण कदाचित दिवसातून एकदाही बदलत नाही. क्वचित होणाऱ्या बदलासाठी प्रत्येक मागणीला कुलपाचा खर्च लावणं म्हणजे वर्षातून एकदा पाहुणे येतात म्हणून रोज पंगत मांडून ठेवण्यासारखं.

शिवाय मेमरी शोधताना कधी डिस्कची वाट पाहावी लागते, कधी जुनी पेजेस मोकळी करावी लागतात. तेवढा वेळ कुलूप अडकून राहिलं तर धोरण बदलणाराही ताटकळत बसतो.

२०१० चा उपाय: आधी नवं जोडा, मग जुनं काढा

मे २०१० मध्ये मियाओ शिए यांनी दिलेली दुरुस्ती लिनक्स २.६.३५ मध्ये आली. तिची कल्पना अशी: मेमरी मागणारा ‘मी आता यादी वापरतोय’ अशी खूण करेल. बदल करणारा आधी फक्त नवे नोड जोडेल, जुने तसेच ठेवेल. खूण निघेपर्यंत तो थांबेल आणि त्यानंतरच जुने नोड काढेल. म्हणजे कुणी यादी वापरत असेपर्यंत तिच्यातून काहीच कमी होणार नाही.

तर्क बरोबर होता, पण तो महागात पडला. ही खूण दुसऱ्या प्रोसेसरला योग्य क्रमाने दिसावी यासाठी प्रत्येक मागणीच्या वाटेवर ‘मेमरी बॅरिअर’ घालावे लागले. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर कामांचा क्रम मागेपुढे करत असतो. बॅरिअर त्याला सांगतो की आधीची सगळी वाचनं आणि लेखनं पूर्ण कर, मगच पुढे जा. असे थांबे लाखो वेळा आले की यंत्र मंदावतं.

२०१२ चा उपाय: नंबर बघा, बदलला असेल तर पुन्हा सुरुवात

पेज देण्याचं काम २.६.३२ नंतर कधीतरी मंदावलं होतं. त्याचा शोध घेताना सुझेमधल्या मेल गोरमन यांना दिसलं की खर्चाचा सर्वांत मोठा वाटा याच बॅरिअरचा आहे. मार्च २०१२ मध्ये त्यांनी ती पद्धत काढून ‘सीक्वेन्स काउंटर’ आणला. तो लिनक्स ३.४ मध्ये आला आणि आजही त्यावरच काम चालतं.

पद्धत सोपी आहे. यादीबरोबर एक नंबर ठेवायचा. बदल सुरू करताना तो एकने वाढवायचा आणि बदल संपल्यावर पुन्हा एकने. म्हणजे नंबर विषम असेल तर बदल चालू आहे आणि सम असेल तर यादी स्थिर आहे.

मेमरी मागणारा सुरुवातीला नंबर लक्षात ठेवतो आणि कामाला लागतो. मेमरी मिळाली तर प्रश्नच नाही. मिळाली नाही, तर ‘संपली’ असं म्हणण्याआधी तो नंबर पुन्हा बघतो. नंबर बदललेला असेल तर मधे नियम बदलला हे त्याला कळतं आणि तो पहिल्यापासून शोध घेतो. स्टेशनवरच्या प्रवाशाने घरी जाण्याआधी नवी घोषणा झाली का, एवढंच विचारलं असतं, तर त्याची गाडी चुकली नसती.

यातली खुबी म्हणजे तपासणी फक्त अपयश आल्यावरच महत्त्वाची ठरते. बदलाच्या त्या निमिषात एखादं पेज जुन्या यादीतल्या नोडवरून मिळालं, तर कर्नल ते चालवून घेतो. थोडी लांबची मेमरी मिळाली तर प्रोग्रॅम जरा हळू चालेल. खोटं अपयश आलं तर तो मरेल. दोन चुकांपैकी कोणती परवडते हे ठरवल्यामुळे रोजची वाट स्वस्त झाली.

बदल करणाऱ्यालाही एक काळजी घ्यावी लागते. नंबर विषम असताना तो त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद ठेवतो. नाहीतर मधेच आलेला इंटरप्ट त्याच प्रोसेसरवर यादी वाचायला जाईल आणि नंबर सम होण्याची वाट पाहत बसेल. तो नंबर सम करणारा मात्र त्याच्याच खाली दबलेला असेल. दोघंही कायमचे अडकतील.

२०१७ मध्ये पुन्हा काय झालं?

कर्नलची परीक्षा घेण्यासाठी ‘लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट’ नावाचा चाचण्यांचा संच आहे. त्यातल्या एका चाचणीत एक प्रोसेस सतत मेमरी मागते आणि दुसरी तिची परवानगी नोड ० आणि १ यांत आलटून पालटून बदलत राहते. ही चाचणी जोरात चालवल्यावर काही सेकंदांतच ओओएम किलर जागा होतो, अशी तक्रार आली. मेमरी तेव्हाही मुबलक होती.

सुझेमधले व्लास्टिमिल बाबका यांनी जानेवारी २०१७ मध्ये ते दुरुस्त केलं. नंबर बदलल्याचं कळल्यावर शोध पुन्हा सुरू होणं पुरेसं नव्हतं. कोणत्या नोडपासून सुरुवात करायची हे आधी काढून ठेवलेलं उत्तरही शिळं झालेलं असायचं. तेही नव्याने काढणं गरजेचं होतं.

त्याच वर्षी ४.१३ या आवृत्तीत आणखी एक सफाई झाली. तोवर नंबर दर वेळी वाढत नसे. प्रोसेसचं स्वतःचं धोरण असेल, किंवा जुन्या आणि नव्या यादीत एकही नोड सामाईक नसेल, तरच तो वाढायचा. बाकी वेळी गरज नाही, असं गृहीत होतं. हे गृहीतक सोडून दिलं गेलं. आता परवानगीची यादी बदलली की नंबर वाढतो. दोन पायऱ्यांत धोरण बदलण्याचा जुना किचकट कोडही त्याच वेळी निघाला.

२०२३: प्रश्न सुरक्षेचा झाला

इथवर धोका होता तो चुकीची प्रोसेस मारली जाण्याचा. मेमरीच्या विशिष्ट भागासाठी असलेल्या धोरणाचं, म्हणजे एमबाइंडचं, संरक्षण वेगळ्या कुलपाने होतं. प्रोग्रॅमच्या सगळ्या मेमरी नकाशासाठी एकच मोठं कुलूप असायचं. एमबाइंड ते पूर्णपणे ताब्यात घ्यायचा, त्यामुळे त्या वेळी दुसरं कुणी पेज मागू शकत नसे.

जून २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.४ ने वेग वाढवण्यासाठी नकाशातल्या प्रत्येक भागाला त्याचं स्वतःचं छोटं कुलूप दिलं. पेज मागणारे आता मोठं कुलूप टाळून छोट्यावर काम भागवू लागले. एमबाइंड मात्र जुन्या सवयीने फक्त मोठंच कुलूप लावत राहिला. म्हणजे घराला नवं मागचं दार केलं आणि कुलूप तेवढं पुढच्याच दाराला राहिलं.

परिणाम असा की एमबाइंड जुनं धोरण काढून त्याची मेमरी मोकळी करायचा, तेव्हा दुसरा थ्रेड तेच धोरण वाचत असू शकायचा. मोकळी केलेली मेमरी वापरली जाणं ही कर्नलमधली सर्वांत घातक चुकांपैकी एक. त्यातून यंत्र कोसळू शकतं किंवा कर्नलमधली माहिती बाहेर फुटू शकते. गुगलच्या प्रोजेक्ट झीरोमधले जॅन हॉर्न यांनी जुलै २०२३ मध्ये दुरुस्ती दिली: धोरण बदलण्याआधी त्या भागाचं छोटं कुलूपही लावायचं. या त्रुटीची नोंद ‘सीव्हीई-२०२३-४६११’ या क्रमांकाने झाली.

यात आणखी एक बाब होती. यंत्रात एकच नोड असला तरी कर्नल तयार करताना नुमाची सोय चालू ठेवली असेल, तर ही त्रुटी तिथेही लागू होती. म्हणजे ‘आपल्याकडे मोठा सर्व्हर नाही’ एवढं पुरेसं नव्हतं.

नव्या सोयींत हा धडा वापरला गेला का?

२०२४ मध्ये लिनक्स ६.९ सोबत ‘वेटेड इंटरलीव्ह’ आलं. यात नोडना समान वाटा न देता वजनाप्रमाणे दिला जातो. वेगवान मेमरीला जास्त पेजेस, संथ मेमरीला कमी. ही वजनं अ‍ॅडमिन यंत्र चालू असताना बदलू शकतो, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न.

इथे ‘आरसीयू’ ही पद्धत वापरली आहे. ती २००२ पासून लिनक्समध्ये आहे. चालू तक्त्यात खाडाखोड करायची नाही. त्याची नवी प्रत करायची, तिच्यात बदल करायचा आणि मग ‘तक्ता इथे आहे’ ही खूण एका झटक्यात नव्या प्रतीकडे वळवायची. जे आधीपासून जुनी प्रत वाचत होते, त्यांचं वाचन संपल्यावरच ती टाकून द्यायची. वाचणाऱ्याला कुणासाठी थांबावं लागत नाही आणि अर्धवट तक्ता कधी दिसत नाही. वजनं जुनी असोत वा नवी, ती पूर्ण असतात.

सामान्य वापरकर्त्याला याचा काय संबंध?

अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. पण फोनमध्ये सहसा मेमरीचे अनेक नोड नसतात, त्यामुळे खोट्या ‘मेमरी संपली’चा प्रश्न तिथे सहसा येत नाही. फोनवर अ‍ॅप आपोआप बंद होतं ते बहुतेकदा मेमरी खरंच कमी पडल्याने.

संबंध येतो तो पलीकडच्या टोकाला. रील, पेमेंट किंवा तिकीट बुकिंग ज्या सर्व्हरवर चालतं, ते बहुतांश लिनक्सवर असतात. एकाच यंत्रावर अनेक कामं दाटीने बसवलेली असतात आणि त्यांच्या हद्दी दिवसभर बदलत राहतात. जगातले पहिले ५०० महासंगणकही नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच लिनक्सवर चालतात.

थोडक्यात

• मेमरी कुठल्या नोडवरून द्यायची याचा नियम चालू यंत्रात बदलतो, आणि त्याच क्षणी कुणी मेमरी मागत असेल तर गफलत होऊ शकते.
• फेरी संपण्याआधी नियम बदलला तर मेमरी असूनही ‘संपली’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि प्रोसेस मारली जाते.
• कुलूप सुरक्षित, पण रोजच्या वाटेवर महाग. म्हणून कर्नल नंबर तपासतो आणि गरज पडली तरच शोध पुन्हा सुरू करतो.
• कुलपाची रचना बदलली की त्यावर विसंबलेला सगळा कोड पुन्हा तपासावा लागतो, हे २०२३ च्या त्रुटीने दाखवलं.
• सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी साधा नियम: मेमरी मोकळी असताना ओओएम किलरची नोंद दिसली, तर आधी सीपीयूसेटची हद्द आणि कर्नलची आवृत्ती तपासा. रॅम वाढवण्याचा विचार त्यानंतर.